पिशवी बंद झाल्यावर

आमच्या ओपीडीत ‘कॅन्सर’ हा शब्द लोक आता बऱ्यापैकी धीराने ऐकतात. ‘पिशवी’ म्हटलं की मात्र चेहरा पडतो. मलाशयाच्या कॅन्सरचं निदान झालेला माणूस फाइल टेबलावर ठेवतो, सोबत आलेला मुलगा किंवा जावई बायोप्सी, एमआरआय असं एकेक काढून दाखवू लागतो, आणि रुग्ण त्याला मध्येच तोडून विचारतो, “मॅडम, पोटावर पिशवी लावायला लागेल का?” जगण्यामरण्याचा प्रश्न बहुतेक वेळा त्यानंतर येतो.

मी मिरजेला पोटाच्या कॅन्सरची ऑपरेशनं करते. प्रशिक्षण मुंबईत, परळला झालं. इथे सांगली-कोल्हापूरबरोबरच जत, पंढरपूर, अथणी, विजापूर या बाजूचे रुग्ण येतात. शौचासाठी पोटावर लावायच्या या पिशवीच्या भीतीचं मला नवल वाटत नाही. देवघरात गेलं तर चालेल का, वारी करता येईल का, सूनबाई स्वयंपाकघरात येऊ देईल का, हे प्रश्न त्यांच्या घरात खरे असतात. पण हे काम करता करता एक गोष्ट मला पटत गेली. पिशवी टळली म्हणजे सगळं निभावलं, असं नसतं. मलाशय काढल्यावर आतड्याचं वरचं टोक खाली कसं जोडलं, किती खाली जोडलं आणि जोडल्यानंतरच्या वर्षात त्या माणसाकडे कोणी लक्ष दिलं, यावर त्याचे पुढचे दिवस ठरतात. यातल्या पहिल्या मुद्द्यावर आम्ही सर्जन मंडळी परिषदांमधून हिरिरीने भांडतो. उरलेल्या दोन मुद्द्यांची वेळ येते तेव्हा सत्र संपत आलेलं असतं आणि लोक जेवायला उठलेले असतात.

मलाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण 15 सेंटीमीटरचा भाग. नुसती साठवणीची जागा म्हणून त्याच्याकडे पाहिलं तर त्याचं निम्मं काम नजरेतून सुटतं. मल आला की तो सैलावतो, आतला दाब वाढू देत नाही. खाली आलंय ते वारा आहे, पातळ आहे की घट्ट, हे त्याच्या खालच्या टोकाला कळतं आणि त्याप्रमाणे आतला स्नायू जरासा उघडतो किंवा मिटून राहतो. मीटिंग चालू आहे, बस अजून पाऊण तास थांबणार नाही, घरी पाहुणे आहेत, तर मलाशय थांबतो. निरोगी माणसाला या कामाचा पत्ताही नसतो. गाठीसकट मलाशय काढला आणि वरचं आतडं ओढून त्या जागी बसवलं की हे थांबणं संपतं. वरच्या आतड्याला पुढे ढकलणं तेवढं येतं.

गेल्या शतकभरात या ऑपरेशनचा प्रवास सतत खाली खाली झाला आहे. 1908 साली लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी पोटातून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी मलाशय पूर्ण काढून कायमची पिशवी ठेवण्याची पद्धत मांडली आणि पुढची कित्येक दशकं तोच मार्ग होता. 1948मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या क्लॉड डिक्सन यांनी वरच्या भागातली गाठ काढून आतडं परत जोडता येतं, हे मोठ्या संख्येने ऑपरेशनं करून दाखवलं. 1970च्या दशकात गोल स्टेपलर आले. जिथे हाताने टाके घालणं जवळजवळ अशक्य तिथेही जोड करता येऊ लागला. 1982 साली इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी मलाशयाभोवतीचं चरबीचं आवरण न फाडता अखंड काढण्याचं महत्त्व दाखवलं आणि गाठ त्याच जागी पुन्हा उगवण्याचं प्रमाण झपाट्याने उतरलं. गाठीखाली 5 सेंटीमीटर निरोगी आतडं सोडायचं हा जुना नियम 2 सेंटीमीटरवर आणि अगदी खालच्या गाठींसाठी 1 सेंटीमीटरवर आला. पूर्वी ज्यांना कायमची पिशवी ठरलेली होती, अशा अनेकांचा जोड आज होतो.

या यशाचं दुसरं अंग मी शिकत असताना फॉलोअपच्या ओपीडीत पाहिलं. एस.टी.चे एक कंडक्टर दर तीन महिन्यांनी दाखवायला येत. स्कॅन स्वच्छ, रक्ताचे रिपोर्ट उत्तम. ‘नो एव्हिडन्स ऑफ डिसीज’ असं लिहून फाइल पुढे सरकायची. एकदा त्यांच्या बायकोने दाराशी थांबून सांगितलं, “साहेब कामावर जातच नाहीत. रजा संपली, आता बिनपगारी आहेत.” मग कंडक्टर बोलले. सकाळी उठल्यापासून सात-आठ वेळा. एकदा जाऊन येऊन हात पुसतात तोच परत कळ. ती थांबवता येत नाही. दोन मिनिटंसुद्धा नाही. गाडी घाटात असली तर काय करायचं? दुपारनंतर जरा बरं असतं, पण दुपारनंतरची ड्युटी रोज कोण देणार? कॅन्सरच्या खात्यात हा माणूस बरा झाला होता. डेपोच्या खात्यात तो गैरहजर होता.

त्यांचा जोड थेट होता. आतड्याचं वरचं टोक गुदद्वाराच्या वरच्या काठाला सरळ जोडलेलं. सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत कमी वेळाची ही पद्धत. तिचा दोष असा की रुंद, सैल मलाशयाच्या जागी एक अरुंद, जोराने आकसणारी नळी येते. हा दोष कमी करावा म्हणून उरलेल्या तिन्ही पद्धती निघाल्या.

पहिली जे-पाऊच. 1986 साली फ्रान्समधल्या दोन गटांनी, टुलूझच्या लाझोर्त यांनी आणि पॅरिसच्या पार्क यांनी, एकाच वर्षी ती प्रसिद्ध केली. पाऊच म्हटलं की रुग्णाला पुन्हा पोटावरचीच पिशवी आठवते, म्हणून मी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवते. आतड्याचं खालचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वर दुमडायचं. शेजारी शेजारी आलेल्या दोन नळ्यांमधली भिंत स्टेपलरने एकाच वेळी कापायची आणि शिवायची. दोन नळ्यांची एक रुंद नळी होते. तिचा सगळ्यांत खालचा बिंदू गुदद्वाराला जोडायचा. सुरुवातीला हे पाऊच बरेच लांब करत. त्यातल्या काही रुग्णांचं दुखणं उलटं झालं: मल साठायचा पण बाहेर पडायचा नाही, एनिमा घ्यावा लागायचा. 1990च्या दशकात जपानमध्ये 5 आणि 10 सेंटीमीटरच्या पाऊचची तुलना झाली आणि लहानच बरा ठरला. आज आपण 5 ते 6 सेंटीमीटरचा करतो. एवढ्याशा पाऊचने साठवण फारशी वाढत नाही. तरीही आराम मिळतो तो, अनेक अभ्यासकांच्या मते, वरून येणारी ढकलणारी लाट त्या दुमडलेल्या भागात मोडते म्हणून.

जे-पाऊचचा आणखी एक फायदा स्वीडनमधल्या 1996च्या एका चाचणीत दिसला. तिथे जोड फुटण्याचं प्रमाण थेट जोडात 15 टक्के होतं, पाऊचमध्ये 2 टक्के. आतड्याच्या कापलेल्या टोकापेक्षा त्याच्या बाजूला रक्तपुरवठा चांगला असतो, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

दुसरी पद्धत कोलोप्लास्टी. टोकापासून काही सेंटीमीटर वर आतड्याला 8 ते 10 सेंटीमीटरचा उभा छेद घ्यायचा आणि तो आडवा शिवायचा. आतडं तेवढ्या जागी फुगीर होतं. जिथे जे-पाऊच खाली उतरत नाही अशा अरुंद कटिभागासाठी ही युक्ती निघाली. कागदावर ती फार सुंदर दिसते. मात्र सिंगापूरच्या 2002च्या चाचणीत कोलोप्लास्टीचे जोड जास्त फुटले. 2007 साली क्लीव्हलँड क्लिनिकच्या फाझिओ यांच्या नेतृत्वाखाली अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीचा निष्कर्ष असा निघाला की जिथे जे-पाऊच शक्य आहे तिथे तोच चांगला, आणि जिथे शक्य नाही तिथे कोलोप्लास्टी थेट जोडापेक्षा काही जास्त देत नाही. म्हणजे जिच्यासाठी ती निघाली तीच अडचण तिने सोडवली नाही. मी ती करत नाही.

तिसरी, बाजूला जोड. ही कल्पना अमेरिकेच्या जोएल बेकर यांनी 1950 साली मांडलेली; नंतर बराच काळ मागे पडलेली. यात आतड्याचं टोक स्टेपलरने बंद करायचं आणि टोकापासून 3 ते 6 सेंटीमीटर वर, आतड्याच्या बाजूवर जोड करायचा. बंद टोकाचा छोटा तुकडा शेजारी राहतो. दुमडायचं काही नाही, त्यामुळे जाडी वाढत नाही. जे-पाऊचशी या जोडाची तुलना स्वीडनमध्ये झाली. काम जवळजवळ सारखंच निघालं.

परिषदांमधलं भांडण इथून सुरू होतं. 2008 साली कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याने त्यावेळच्या सगळ्या चाचण्या एकत्र पाहून सांगितलं की पहिले साधारण 18 महिने जे-पाऊच थेट जोडापेक्षा स्पष्टपणे चांगला. पुढे किती, याचा पुरावा अपुरा. 2019मध्ये स्वित्झर्लंडमधल्या चाचणीने जे-पाऊच, बाजूचा जोड आणि थेट जोड अशी तिघांची तुलना केली आणि मलविसर्जनाच्या गुणांकनात तिघांत लक्षणीय फरकच नाही, असं जाहीर केलं. ज्याला जे हवं ते त्याने यातून उचलावं, अशी स्थिती.

माझ्या टेबलापलीकडे बसणाऱ्या माणसांवरून मी जे पाहिलं ते असं. पहिल्या वर्षात फरक असतो. पाऊचवाले किंवा बाजूचा जोड असलेले रुग्ण लवकर घराबाहेर पडतात, लवकर कामाला लागतात. दोन वर्षांनी समोर आलेल्या माणसाशी नुसतं बोलून त्याचा जोड कोणत्या पद्धतीचा आहे, हे मला ओळखता येत नाही. फाइल उघडावी लागते. जोड किती खाली आहे आणि रेडिएशन दिलं होतं की नाही, हे मात्र थोड्या बोलण्यात कळतं. मलाशयाचा खालचा भाग शिल्लक राहिलेला माणूस आणि गुदद्वारापर्यंत सगळा काढलेला माणूस, यांच्या दिवसात जमीन-अस्मानाचा फरक असतो. रेडिएशनला आपल्याकडे कोणी शेक म्हणतं, कोणी लाइट. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत ऑपरेशनआधीच्या शेकाने दोन वर्षांत गाठ त्याच जागी परत येण्याचं प्रमाण 8.2 टक्क्यांवरून 2.4 टक्क्यांवर आलं. ते नाकारून चालत नाही. पण शेकलेल्या ऊती ताठरतात, स्नायूंच्या नसांना झळ बसते, आणि त्याची किंमत रुग्ण संडासात मोजतो. कोणत्या गाठीला शेक हवाच आणि कोणत्या गाठीला टाळता येईल, हा निर्णय जोडाच्या पद्धतीपेक्षा त्याच्या पुढच्या आयुष्यात जास्त फरक करतो. एमआरआय नीट वाचणारा रेडिओलॉजिस्ट शेजारी असणं हे मला नव्या स्टेपलरपेक्षा मोलाचं वाटतं.

ऑपरेशनमध्ये प्रत्यक्ष निवड कशी होते, हे थोडं सांगायला हवं, कारण बाहेरून असं वाटतं की सर्जन आदल्या रात्री पुस्तक उघडून पद्धत ठरवत असेल. ठरवते कंबरेच्या हाडांची चौकट. आदल्या दिवशी केसपेपरवर मी ‘जे-पाऊच / साइड-टू-एंड’ (म्हणजे बाजूचा जोड) असं दोन्ही लिहिते.

गेल्या उन्हाळ्यातलं एक ऑपरेशन घेते. पन्नाशीचे, जाडजूड बांध्याचे पुरुष. गाठ खाली. आधी डाव्या बरगडीखाली, प्लीहेजवळ अडकलेला आतड्याचा कोपरा पूर्ण मोकळा केला. मुख्य रक्तवाहिनी मुळाशी आणि शीर स्वादुपिंडाच्या खालच्या कडेला बांधली. ही दोन कामं टाळली तर आतडं खाली पोचतं पण ताणलेलं राहतं, आणि ताणलेला जोड फुटतो. मलाशय आवरणासकट निघाला. मग उतरत्या आतड्याचं टोक दुमडून खाली कटिभागात धरून पाहिलं. चरबीने भरलेली जाड आतड्याची झालर, अरुंद हाडांची चौकट. दुमडलेलं आतडं त्या पोकळीत बूच बसावं तसं अडकलं आणि काठाचा रंग जांभळट होऊ लागला. उलगडून परत सरळ केलं, गरम ओला मॉप ठेवला, थांबलो. पाच मिनिटांत गुलाबी झालं. बाजूचा जोड करायचं ठरलं.

आतड्याच्या बाजूवर, झालरीच्या विरुद्ध अंगाला, छोटं छिद्र करून स्टेपलरचं टोपण आत बसवलं. टोक बंद केलं. खालून सहकाऱ्याने गोल स्टेपलर आत सरकवला. टोपण आणि दांडा जुळला की हाताला हलका टिच असा आवाज कळतो. हळूहळू पीळ देत दोन्ही भिंती एकमेकींवर आणायच्या, मध्ये काही अडकलं नाही ना, हे सगळीकडून पाहायचं, थोडं थांबायचं आणि मग दाबायचं. स्टेपलर बाहेर काढल्यावर त्यात आतड्याच्या दोन गोल कड्या मिळतात. त्या ट्रेमध्ये ठेवून बोटाने फिरवून बघायच्या. दोन्ही पूर्ण हव्यात. एखादी तुटकी निघाली तर जोडात तेवढीच फट आहे. मग कटिभागात सलाइन भरून खालून हवा सोडायची. सगळं थिएटर त्या पाण्याकडे बघत असतं. बुडबुडा आला नाही. सिस्टरने वेळ लिहिली आणि भूलतज्ज्ञ पहिल्यांदा काहीतरी बोलले.

एवढं करूनही अशा खालच्या जोडावर आम्ही तात्पुरती पिशवी ठेवतोच. लहान आतड्याचा एक फासा उजव्या बाजूला पोटावर आणायचा, म्हणजे जोड भरून येईपर्यंत मल त्यावरून जात नाही. 2007च्या स्वीडिश चाचणीत तात्पुरती पिशवी असलेल्यांत जोड फुटण्याचं प्रमाण 10 टक्के होतं, नसलेल्यांत 28 टक्के. रुग्णाला हे आधी सांगितलं की तो घासाघीस करतो: “मॅडम, थेट जोडून टाका ना, मी पथ्य पाळतो.” पथ्याने जोड भरत नाही. पिशवीची जागा ऑपरेशनआधी, त्याला बसवून, उभं करून, लुगडं किंवा विजार जिथे बांधतात ती रेष बघून पेनाने आखायची असते. हे काम आमच्याकडची स्टोमा नर्स माझ्यापेक्षा सरस करते.

दोन-तीन महिन्यांनी, केमो असेल तर आणखी पुढे, पिशवी बंद होते. पेढे वाटले जातात. कोणी थेट पंढरपूरला जाऊन येतो. आणि खरी परीक्षा त्याच आठवड्यात सुरू होते. महिनोन् महिने बिनकामाचे राहिलेले स्नायू, नवा जोड, शेकलेल्या ऊती, या सगळ्यांवर एकदम भार येतो. या लक्षणांच्या गटाला लो अँटीरियर रिसेक्शन सिंड्रोम, थोडक्यात लार्स म्हणतात. 2012 साली डेन्मार्कच्या एमर्टसेन आणि लाउरबर्ग यांनी रुग्णांनाच विचारून तो मोजायची पाच प्रश्नांची पट्टी तयार केली. एकूण 42 गुण. 30 किंवा जास्त म्हणजे त्रास मोठा. या पट्टीने मला बरंच शिकवलं. आम्हाला वाटायचं, गळती हाच सगळ्यांत मोठा त्रास. पट्टीत पातळ गळतीला फक्त 3 गुण आहेत. घाईला 16, तासाभरात पुन्हा पुन्हा जावं लागण्याला 11. रुग्णाचं जगणं कशाने अडतं याचा हिशेब रुग्णांनीच दिला तेव्हा तो आमच्या हिशेबाशी जुळला नाही. त्या कंडक्टरांनी दाराशी सांगितलं होतं ते हेच होतं.

हे प्रश्न मी छापील मराठीत विचारत नाही. “वारा सरतो तेव्हा आवरता येतो का? जाऊन आल्यावर लगेच परत जावं लागतं का? कळ आल्यावर दम निघतो का?” असं विचारलं की लोक बोलतात. डॉक्टरबाईपुढे पुरुष आधी आढेवेढे घेतात. “तसं बरंय” म्हणून उठू लागतात. बायका मात्र घरातल्या माणसाला सांगावं तसं सगळं सांगतात. कवठे महांकाळच्या एक मावशी सांगत होत्या की गावाकडच्या लग्नाला जायचं तर आदल्या दिवसापासून जेवायचं सोडतात. लग्नघरी संडास कुठे आहे, रांग किती, हे आधी विचारून घेतात. त्यांना ऑपरेशनबद्दल काही तक्रार नव्हती. जेवायचं सोडल्याबद्दलही नव्हती. त्यांना वाटत होतं, आता हे असंच असतं.

ते तसंच राहायला नको, आणि त्यासाठी महागडं काही लागत नाही. ईसबगोल, पण जुलाबाचं औषध म्हणून घेतात तसं भरपूर पाण्यात नाही. थोड्या पाण्यात किंवा ताकात, म्हणजे मल बांधून येतो. लोपेरामाइड, जुलाब झाल्यावर नाही. घराबाहेर पडण्याआधी, ठरवून. हरभऱ्याची डाळ, तिखट रस्सा, कच्चा कांदा, दिवसभरातला चहा यांतलं आपल्याला काय बाधतं, हे वहीत लिहून शोधायचं. सगळं एकदम बंद करायचं नाही. गुदद्वाराच्या स्नायूंचे व्यायाम, शक्य असेल तिथे फिजिओथेरपिस्टकडून शिकून. एवढ्याने भागलं नाही तर सकाळी कोमट पाण्याने खालून आतडं धुऊन घेण्याचं तंत्र आहे. ते शिकलेले लोक दिवसभर निर्धास्त राहतात. त्या मावशी पुढच्या लग्नात पंगतीला बसल्या. त्यांचा जोड थेट होता. कोणत्याही पाऊचने पहिल्या वर्षी त्यांना जेवढं दिलं असतं, तेवढं एका वहीने आणि दोन स्वस्त औषधांनी दिलं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. तासगावचे एक द्राक्षबागायतदार. गाठ अगदी खाली, स्नायूला टेकलेली, शेक झालेला. तांत्रिकदृष्ट्या जोड होण्यासारखा होता. मी त्यांना जोडाची चित्रं काढून दाखवली आणि पहिलं वर्ष कसं असू शकतं, ते न सजवता सांगितलं. ते बराच वेळ चित्र बघत बसले. म्हणाले, “फवारणीच्या दिवसांत मी पहाटेपासून बागेत असतो. दर अर्ध्या तासाला मला परत यायला जमणार नाही. कायमची पिशवी लावा.” नातेवाइकांनी विरोध केला, त्यांनी ऐकलं नाही. आज ते बागेत असतात आणि नव्याने पिशवी लागलेल्या रुग्णांना मी त्यांचा फोन लावून देते. परळला शिकत असताना आमच्या मनावर बिंबलं होतं की जोड म्हणजे यश आणि कायमची पिशवी म्हणजे हार. तो हिशेब मी केव्हाच सोडून दिला. आणि काही रुग्णांना आता तिसरा रस्ताही मिळतो: शेक आणि केमोनंतर गाठ पूर्ण विरघळली तर ऑपरेशन न करता बारीक लक्ष ठेवायचं. ब्राझीलच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी 2004 साली तो मांडला तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती. आता तो जगभर स्वीकारला जातो. दर काही महिन्यांनी तपासणीला यायची खात्री असेल, तरच तो द्यावा.

तर माझा निकाल असा. कटिभागात जागा असेल आणि आतडं आरामात उतरत असेल तर 5-6 सेंटीमीटरचा जे-पाऊच. जागा अरुंद असेल तर बाजूचा जोड, आणि आपल्याकडच्या बहुतेक पुरुषांत हाच सोयीचा पडतो. कामात तो जे-पाऊचपेक्षा फारसा मागे पडत नाही आणि करायला कमी वेळ लागतो. कोलोप्लास्टी नको. थेट जोड, बाकी काहीच बसत नसेल तेव्हा. पण या चौघांमधला फरक बऱ्याच अंशी पहिल्या दीड-दोन वर्षांचा आहे, आणि ती दोन वर्षं रुग्ण एकटा काढतो की कोणाच्या देखरेखीखाली, हा फरक त्याहून मोठा आहे.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आज हे ऑपरेशन होतं. गरीब रुग्णाचा ऑपरेशनचा खर्च निघतो. नंतरच्या वर्षाची काळजी मात्र अजून त्या-त्या डॉक्टरच्या आणि नर्सच्या मर्जीवर आहे. म्हणून ज्यांच्या घरात हे ऑपरेशन होणार आहे त्यांना माझं सांगणं आहे. सर्जनला तीन गोष्टी विचारा. जोड गुदद्वारापासून किती सेंटीमीटरवर येणार? शेक खरंच लागणार आहे का आणि का? आणि पिशवी बंद केल्यावर पहिलं वर्षभर शौचाच्या तक्रारी घेऊन आम्ही कोणाकडे यायचं? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून एखाद्या माणसाचं नाव मिळालं नाही, तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.